मोकळ्या वेळातली मान

गाईडबाईंनी हातातली माश्या मारायची पिवळी जाळी खाली केली आणि जाहीर केलं, "मंडळी, आता मोकळा वेळ!"

बसमधून उतरलेली मंडळी चौकाच्या मधोमध उभी होती. ती उभीच राहिली.

जहाजावर चढायच्या आधीची ही जमिनीवरची सहल. समुद्रावर जाण्यापूर्वी माणसाला जमिनीचा पुरेसा कंटाळा यावा, अशी कंपनीची योजना असावी. जाळी वर गेली की चालायचं, खाली आली की थांबायचं, डावीकडे कलली की डावीकडे बघून 'अरे वा' म्हणायचं. काही दिवसांतच माणसं अशी तयार झाली होती, की परवा बाईंनी खरोखरची माशी मारली तर सगळी बस एका पोपडे आलेल्या भिंतीकडे बघून 'अरे वा' म्हणाली आणि तिघांनी त्या भिंतीचे फोटो काढले.

"मोकळा वेळ म्हणजे जायचं कुठे?" मागून एका आजोबांनी विचारलं.

"कुठेही जा."

"कुठेही म्हणजे डावीकडे की उजवीकडे?"

"अहो, तुमच्या मनाला येईल तिकडे! बसचा भोंगा वाजला की परत या म्हणजे झालं. इथून थेट बंदरावर जायचंय." एवढं बोलून बाई समोरच्या चहाच्या दुकानात शिरल्या, खुर्चीत बसल्या आणि जाळी मांडीवर आडवी ठेवून त्यांनी डोळे मिटले.

या घोळक्यात एकच माणूस असा होता, ज्याला कुठे जायचं ते पक्कं ठाऊक होतं. ते म्हणजे सलूनवाले.

सलूनवाले आपल्या गावातले एकमेव न्हावी. उभी हयात त्यांनी गावाची डोकी सांभाळली. केस कापून झाले, मानेवर पावडरचा ब्रश फिरला, की ते गिऱ्हाइकाच्या मागे गोल आरसा धरायचे आणि विचारायचे, "बघा, बरं झालंय?" गिऱ्हाईक समोरच्या आरशात मागचा आरसा बघायचं आणि मान डोलवायचं. इतक्या वर्षांत एकाही माणसाने नकारार्थी मान हलवली नाही. मुख्याध्यापकांनी नाही, पोस्टमनने नाही, ज्याला स्वतःची बायकोसुद्धा पसंत नव्हती त्या वखारवाल्यानेही नाही. तेव्हा आपला हात म्हणजे दैवी देणगी आहे, हे सलूनवाल्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं. त्यात गर्व नव्हता. लोकच कबुली देत होते, त्याला ते तरी काय करणार?

पण देवाने या माणसाला एक सुख दिलं नव्हतं. त्यांच्या मागे आरसा कोणी धरला नव्हता.

सलूनवाल्यांचे केस बायको कापायची. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात, स्टुलावर बसवून. एकीकडे दूध उतू जातंय का बघत ती कात्री चालवायची, आणि झालं की मानेवर एक चापट मारून म्हणायची, "उठा, मला केर काढायचाय." बघा म्हणणं नाही, बरं झालंय का विचारणं नाही. दुसऱ्या गावच्या सलूनमध्ये जावं तर धंद्यातला माणूस दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेला कोणी पाहिला तर काय म्हणेल? आणि बायकोला कळलं तर? म्हणून बिचारे गप्प होते. आयुष्यात एकदा कोणीतरी आपल्याला विचारावं, आणि आपण गिऱ्हाइकासारखी ऐटीत, सावकाश मान डोलवावी, एवढंच त्यांचं मागणं. लोक डोंगर बघायला येतात, देवळं बघायला येतात. सलूनवाले ही एक मान डोलवायला आले होते.

आणि घाई होती. सकाळीच बायको म्हणाली होती, "किती वाढलेत मागे! जहाजावर कप्तानासोबत जेवायचंय म्हणे. आज रात्री बसा, मी उरकून टाकते. कात्री आणलीय मी." म्हणजे जे काय व्हायचं ते या मोकळ्या वेळातच.

बायको हातमोज्यांच्या दुकानाकडे वळली तसे सलूनवाले हळूच निघाले. चाल अशी ठेवली, की माणूस सहज पाय मोकळे करतोय असं वाटावं. तिथेच घात झाला. चौकात एकटा चालणारा माणूस तोच होता.

"साडूभाऊ, कुठे?" मागून हाक आली. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वजनमाप खात्यात जन्म गेला आणि आता जगात कुठेही काही बघितलं की आधी ते खरं आहे का विचारायचा.

"कुठे नाही. असंच."

"असंच कोणी एवढं सरळ चालतं होय? काहीतरी ठाऊक आहे तुम्हाला."

हे त्याने मागच्या आजोबांना सांगितलं. आजोबांनी पलीकडच्या जुळ्या बहिणींना सांगितलं. सलूनवाल्यांनी कोपऱ्यावर मागे वळून पाहिलं, तर अख्खी बस रांगेने येत होती.

सलूनवाले बुटाची नाडी बांधायला वाकले. सगळे थांबले आणि त्या फरशीवर वाकले. "अरे वा," जुळ्यांपैकी एक म्हणाली. सलूनवाले रागाने उठले आणि कारंज्याभोवती गरागरा फिरू लागले, म्हणजे चक्कर येऊन तरी चार जण गळतील. गळायचं राहिलं बाजूला, रांगेचं शेवटचं टोक पुढच्या टोकाला येऊन मिळालं आणि सलूनवाले आपल्याच मागे चालणाऱ्यांच्या मागे चालू लागले. तेवढ्यात आपल्या गाईडची हिरवी छत्री हरवलेली दुसऱ्या कंपनीची एक सहल सैरभैर फिरत होती, ती या चक्राकडे बघून आनंदाने रडायचीच बाकी राहिली आणि चक्रात घुसली. पाठोपाठ एक कुत्रं.

"अहो, मी गाईड नाही!" सलूनवाले ओरडले.

"आम्ही कुठे म्हणतोय?" आजोबा म्हणाले. "तुम्ही चाला. आमचा आम्हाला मोकळा वेळ आहे."

शेवटी एका बोळात त्यांना हवं ते दिसलं. एकच खुर्ची, एकच आरसा, खिळ्याला वस्तरा घासायचा पट्टा, कोनाड्यात पाणी फवारायची बाटली. खुर्चीत दुकानाचा मालकच तोंडावर वर्तमानपत्र टाकून घोरत होता. हडकुळा, उंच, आणि त्याचे स्वतःचे केस असे, की कोणीतरी अंधारात कापले असावेत. सलूनवाले आत गेले. त्यांच्यामागे मावतील तेवढे आत गेले, उरलेल्यांनी काचेला नाकं लावली.

न्हावी दचकून उठला. "एकेक, एकेक! कोणाचे कापायचेत?"

"माझे. फक्त माझे."

"मग हे?"

"हे माझे नाहीत."

"नाहीत तर एवढ्या मायेने का बघतायत तुमच्याकडे?"

सलूनवाले खुर्चीत बसले. मानेभोवती कापड आलं, गाठ बसली, गार पाण्याचा फवारा मागे पडला, आणि अंगावर असा काही काटा आला, की त्यांना वाटलं, जहाज बुडालं तरी आता हरकत नाही. त्यांनी डोळे मिटले. परक्या बोटांनी त्यांचं डोकं पुढे झुकवलं.

आणि बोटं थांबली.

"हे मागचं," न्हावी खालच्या आवाजात म्हणाला, "कोणी केलंय हे?"

मग दारातून आवाज आला, "मी. काही म्हणणं आहे?"

सलूनवाल्यांनी आरशात पाहिलं. गर्दी बाजूला झाली होती आणि बायको उभी होती. एका हातात नवा मोजा चढवलेला, दुसरा पिशवीत.

"म्हणणं नाही बाई," न्हावी म्हणाला. "एवढी वर्षं मी धंद्यात आहे, पण असा घाट कधी पाहिला नव्हता."

"अहो," बायको नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही इथे काय करताय?"

"मी आपलं... स्थळदर्शन."

"लपून? माझ्यापासून? मी कधी कान कापला का तुमचा?"

"एकदा."

"तेव्हा तुम्ही शिंकला होतात!"

तिचे डोळे भरून आले होते की रागाने लाल झाले होते, ते आरशाच्या डागांमुळे नीट कळत नव्हतं. सलूनवाल्यांना वाटलं, कापड फेकून उठावं आणि तिच्यामागे निमूट चालू लागावं. पण मग मान कधी डोलवणार?

ते अर्धवट उठले, आणि तेवढ्यात गाईडबाई धापा टाकत आल्या. डोळे उघडले तर चौक रिकामा, त्यामुळे त्यांचा जीव अर्धा झाला होता. पण आपली माणसं गोल करून काहीतरी बघतायत हे दिसताच सवयीने जाळी वर गेली. जाळी वर गेल्यावर बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"तर मंडळी, आपण आता पाहत आहोत..." बाईंनी माणसांतून डोकं आत घातलं. "...एक मान."

"अरे वा," सगळे म्हणाले. सलूनवाले परत खाली बसले, कारण चाळीसेक माणसं त्यांच्याकडे बघत असताना ऐतिहासिक वास्तूने उठून जाणं बरं दिसलं नसतं.

"ही मान बरीच जुनी आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता ठाम झाला होता. "डाव्या कानापासून उजव्या कानाकडे ही जी रेघ चढत गेलेली दिसते, ती इथलं वैशिष्ट्य. कोणी हात लावायचा नाही."

"ही रेघ मूळची आहे का नंतर केलेली?" साडूने विचारलं.

"काम चालू आहे," न्हावी म्हणाला आणि त्याने कात्री उचलली. "सरळ घेतो सगळं."

"सरळ?" बायको पुढे आली. "सरळ घेतलंत तर डोकं वाकडं दिसेल! तिथे भोवरा आहे, तो आधी ओला करा. अहो, तिथे नाही, त्याच्या खाली. वेडा आहे तो, सुकला की उभा राहतो."

"बाई, मी शिकून आलोय."

"या डोक्यावर शिकलात का? नाही ना? मग ऐका."

न्हाव्याने आधी वाद घातला, मग मान्य केलं, मग तो विचारूनच कात्री चालवायला लागला. "इथे?" "जरा वर." "एवढं?" "बास, बास! आता उजवीकडे चढत जा. चढा, चढा, घाबरू नका." गाईडबाई जाळीने भोवरा दाखवत होत्या. काचेबाहेरच्यांसाठी आजोबा मोठ्याने सांगत होते, "आता कानामागे पोचलेत!" जुळ्या बहिणींनी श्वास रोखून धरला होता. खुर्चीतल्या माणसाकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. ते डोळे मिटून बायकोचा आवाज ऐकत होते. त्या आवाजातला राग एकेका केसासरशी खाली पडत होता, आणि मागे कुठेतरी दूध उतू जातंय असं त्यांना उगीच वाटत होतं.

तेवढ्यात चौकातून बसचा भोंगा वाजला.

"आटपा, आटपा!" बाई म्हणाल्या. न्हाव्याने मानेवर पावडरचा ब्रश फिरवला आणि तो कापडाची गाठ सोडायला लागला.

"आरसा!" सलूनवाले इतक्या जोराने ओरडले, की कुत्रं बाहेर पळालं. "मागचा आरसा दाखवा!"

"अहो, जहाज सुटेल!" साडू म्हणाला.

"सुटू दे!"

न्हाव्याने भिंतीवरचा गोल आरसा काढला, बाहीने पुसला, मागे धरला आणि विचारलं, "बघा साहेब. बरं झालंय?"

सलूनवाल्यांनी समोर पाहिलं. आरशातल्या आरशात त्यांची मान होती. रेघ डावीकडून निघाली होती, मध्ये भोवऱ्यापाशी अडखळली होती आणि उजव्या कानाकडे जिन्यासारखी चढत गेली होती. तंतोतंत तशीच, घरच्यासारखी. तिच्या एका बाजूला न्हाव्याचा चेहरा होता, भुवया वर केलेला, उत्तरासाठी थांबलेला. दुसऱ्या बाजूला बायको, हनुवटी पुढे काढून, मोजा घातलेली मूठ आवळून.

सलूनवाल्यांनी मान डोलवली. सावकाश, ऐटीत, अगदी ठरवलं होतं तशी.

न्हाव्याने सुटकेचा श्वास सोडला. बायकोने मूठ सोडली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आणि मान अजून डोलतच होती, तेव्हा सलूनवाल्यांना मुख्याध्यापकांचे कल्ले आठवले. मग पोस्टमनची टाळू आठवली. मग वखारवाला.

बसपर्यंत सगळे पळत गेले. जागेवर बसल्यावर बायकोने पिशवीतली कात्री चाचपली, परत आत ढकलली आणि म्हणाली, "माणूस वाईट नव्हता. सांगितलेलं ऐकत होता. जरा समोर बघा, मागच्यांना दिसू दे."

बस बंदराच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना बघण्यासारखं पुष्कळ असावं, कारण जाळी सारखी इकडून तिकडे कलत होती. पण मागच्या रांगा सलूनवाल्यांची मान बघत होत्या, आणि सलूनवाले पुढच्या आसनावर बसलेल्या साडूची मान बघत होते. सहलीला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने, खास मन लावून ती केली होती. आज पहिल्यांदाच ती त्यांना निवांत बघायला मिळाली. तिच्यावरची रेघ उजवीकडून निघून डावीकडे चढत गेली होती.

सलूनवाल्यांनी घसा साफ केला. "साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "तुमचं मागून... बरं झालंय ना?"

साडूने वळूनही पाहिलं नाही. त्याने बाहेर बघत बघत सावकाश मान डोलवली.