तीन प्लस

राबायचं मी आणि मिरवायचं सुशील सरांनी, अशी आमच्या लॅबची रीत. लिव्हर कॅन्सरमध्ये एक प्रोटीन जास्त असलं तर ऑपरेशननंतरही आजार लवकर उलटतो, हे सरांना प्रबंधात सिद्ध करायचं होतं. काढलेल्या गाठींच्या चकत्या मी काचेवर रंगवायचे. प्रोटीन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. फिका असला तर एक, गडद असला तर तीन प्लस.

एकेचाळीस नंबरची काच गडद निघाली. काचेवर नाव नसतं, पण यादी माझ्याच कपाटात होती. मौद्याचे रामाजी.

दर सहा महिन्यांनी पेशंटना फोन करायचं कामही माझंच. माणूस आहे की गेला, आजार परतला का, एवढंच विचारायचं. रामाजींच्या बायकोने, शामलाबाईंनी, फोन घेतला.

"एकदम बरे हायेत जी ताई. वावरात जाऊन राहिले. आता तपासणीले काहून यायचं? गाठ त निघाली ना?"

दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी, असं त्यांच्या कार्डावर लिहिलेलं होतं. ते एकदाही आले नव्हते. आजच घेऊन या, असं अगदी ओठांवर आलं. समोर सर बसले होते. "हर्षा, निकाल सांगायचा नाही हं. अजून सिद्ध कुठे झालंय?"

निकाल सांगायचा नव्हता, कबूल. पण कार्ड वाचून दाखवायला मला कोणी अडवलं होतं? नियमाआड लपले, झालं. "बरं" म्हणाले आणि रकान्यात लिहिलं, जिवंत.

पुढच्या खेपेला शामलाबाई नुसत्या रडल्या. पोट फुगल्यावर दाखवलं, तोवर आजार सगळीकडे पसरला होता. रामाजी दिवाळीआधीच गेले.

मी लगेच रकाना बदलला. त्या एका नोंदीने सरांचं म्हणणं सिद्ध करणारा आकडा हवा तिथे उतरला. "क्लिनिकल सिग्निफिकन्स!" म्हणत त्यांनी सगळ्यांसाठी तर्री-पोहे मागवले. मीही खाल्ले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

प्लेट ठेवते तोच फोन वाजला. शामलाबाईच.

"ताई, मघाशी रडण्यात सांगाचं राहूनच गेलं. येवढ्या मोठ्या दवाखान्यातून तुमी एकल्याच इचारत होत्या आमाले. लय उपकार झाले जी."

याही खेपेला मी नुसतं "बरं" म्हणाले.