खिशावरची सेफ्टी पिन

आचाऱ्याचा सारा जन्म नाकाच्या भरवशावर गेला होता. भाजी कधी करपायला लागली, दूध कधी नासायला आलं, हे तो झाकण न उघडता सांगायचा. वृद्धाश्रमात आल्यावर मात्र हेच नाक त्याच्या जिवावर उठलं, कारण शेजारच्या खाटेवर ड्रायव्हर आला.

ड्रायव्हरच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी चिकटवलेली. शी तिच्यात जमायची. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष, हे आचाऱ्याला कळत होतं. पण चहाचा कप तोंडाशी नेला की चहात तोच वास. उशीत तोच, पांघरुणात तोच.

"अरे, पोटात उंदीर मेलाय का तुझ्या?"

"उंदीर असता तर एव्हाना सुकला असता," ड्रायव्हर म्हणायचा. "आणि तुझ्या घोरण्याला कुठली पिशवी लावायची, ते सांग आधी."

बोलायला तो असा, पण जेवायच्या टेबलावर यायचं त्याने बंद केलं होतं. खाटेवरच दोन घास खायचा आणि ताट सारायचा. खाल्लंच नाही तर पिशवी भरत नाही, असा त्याचा हिशोब. गालफडं पार बसली होती.

शेवटी आचाऱ्याने सिस्टरला ठणकावलं, "या खोलीत एक तर तो, नाहीतर मी!" मग ड्रायव्हरला मागच्या खोलीत हलवायचं ठरलं. ती धुलाईघराला लागून, बिनखिडकीची. तिकडे गेलेला माणूस पुन्हा टेबलावर दिसत नसे. सकाळी ड्रायव्हरने कपडे एका कापडी पिशवीत कोंबले.

"आता माझ्या दोन पिशव्या झाल्या," तो म्हणाला. आचाऱ्याला हसू आलं नाही.

तेवढ्यात मदतनीस आला. काहीही विचारा, "सगळं चकाचक!" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच चकाचक पडलेलं. त्याने पडदा ओढला, पण पडदा आखूड. फटीतून आचाऱ्याला सगळं दिसलं. पिशवी वाऱ्याने टम्म फुगली होती. खालचा चिमटा काढायचा, वारा सोडायचा, घाण भांड्यात रिकामी करायची, एवढंच काम. चकाचकने नाक मुरडलं, खिशावरची सेफ्टी पिन काढली आणि पिशवीला वरून टोचली. फुस्स! वासाचा असा भपका आला की आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चकाचकने पिन पँटला पुसली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. दातात काहीतरी अडकलं होतं वाटतं. त्याच पिनने त्याने ते निवांत कोरून काढलं.

आचाऱ्याला भडभडून उलटी झाली. सकाळचा चहा सगळा बादलीत गेला.

सिस्टर ड्रायव्हरला न्यायला आली, तेव्हा आचारी तोंड पुसत होता. "थांबा. याला हलवायचं नाही."

"आजोबा, काल तर तुम्हीच म्हणालात."

"काल मी गाढव होतो. या माणसाने त्या पिशवीची चाळणी केलीय! वास ड्रायव्हरचा नाही, भोकांचा आहे. आणि त्याच पिनने दात कोरतो, शी!"

"काहीतरीच काय, काका?" चकाचक गडबडला. "वारा जायला नको? फुटली असती म्हणजे?"

हातमोजे घालून सिस्टरने एका हाताने कातडी दाबत पिशवी हळूहळू सोडवली आणि खिडकीशी धरली. वरच्या बाजूला बारीक भोकं उजेडात चमकली. खाली पोटाची कातडी सोलल्यासारखी लाल झाली होती.

"पिन कचऱ्यात टाक. हात धू, तोंड धू आणि इथे येऊन बघ."

तिने कोमट पाण्याने पोट पुसलं, न घासता कोरडं केलं, सोललेल्या जागी पावडर लावली. आतड्याचं तोंड मापलं, नव्या पिशवीचं भोक तेवढंच कापलं, चिकटवून वर तळवा दाबून धरला. "तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. फुगली की तोंड उघडायचं. टोचायचं नाही, कधीच नाही. आणि भोक मोठं कापलं की घाण कातडीवर येते. ही बघ, कशी झालीय."

पिशवी लावेपर्यंत उजेडाला बॅटरी आचाऱ्याने धरली होती. एकदाच त्याने पोटावरच्या त्या तोंडाकडे पाहिलं. ओल्या ओठासारखं लाल काहीतरी हललं. त्याने मान फिरवली, पण बॅटरी हलू दिली नाही.

"दिसतोय का मुखडा?" ड्रायव्हरने विचारलं.

"गप पड. पुन्हा ओकेन मी."

दुपारी ड्रायव्हर टेबलावर आला. वास फक्त जेवणाचा. त्याने भात दोनदा मागून घेतला. वाढायला चकाचक होता. हात धुऊन लालबुंद केलेले, खिशावर पिन नाही, नुसती तिची भोकं.

"काय रे, तुझं ताट तसंच?" ड्रायव्हरने विचारलं.

आचाऱ्याने त्या खिशाकडे पाहिलं आणि ताट ड्रायव्हरकडे सरकवलं.

"खा. तू उपाशी होतास. माझ्या घशाखाली आज काही उतरायचं नाही."