देवाजीभाऊंची फायर लाइन

देवाजीभाऊंनी सदरा वर केला आणि मी केसपेपर लिहायचं थांबले. पाठीच्या कण्यावर मानेपासून कमरेपर्यंत चुन्याचा पांढरा पट्टा होता. पोटावर, बेंबीवरून, तसाच दुसरा.

"हे काय?"

"फायर लाइन. वणवा अडवाले मारतो ना, तसा पट्टा." मोहर्लीच्या जंगलात वीस उन्हाळे वणवे विझवलेला माणूस सांगत होता. "नागीण आहे म्याडम. तोंडाले शेपूट भिडलं का माणूस खतम. म्हून बुढीकडून पट्टे मारून घेतले. पाहा, थांबली का नाई?"

थांबली होती. उजव्या बरगडीखाली लाल चट्टे, त्यांवर पाणी भरलेल्या फोडांचे घोस. सगळे कण्याच्या अलीकडेच.

"फोडांच्या आधी तिथं आग व्हायची?"

"दोन दिवस. कपडा लागला तरी जीव जाये. फोड परवा आले."

फोड आल्यापासून तीन दिवसांत गोळ्या सुरू व्हायला हव्यात, म्हणजे आजचाच दिवस होता. उशीर झाला, तर फोड सुकूनही दुखणं महिनोन् महिने मागे राहण्याची भीती. या वयात जास्तच.

ओल्या कापसानं मी चुना पुसू लागले. भाऊ दचकले.

"कातडी भाजेल, भाऊ. लहानपणी कांजण्या झाल्या होत्या?"

"माता आली होती ना."

"तोच विषाणू. तेव्हापासून कण्याजवळच्या नसेत झोपला होता. आता एका नसेच्या वाटेनं बाहेर आला. ती नस एकाच बाजूला असते, म्हणून तो सहसा मध्यावर थांबतो. चुन्याशिवायही."

"साठ साल फुकटात राह्यला?"

"तुमच्यासारखाच," भागीरथाबाई, म्हणजे त्यांची बुढी, बायको, दारातून म्हणाल्या.

भाऊंना पटलं नाही. "लाइनीनंच थांबली. मंग गोळ्या काऊन?"

मी वाद सोडला. "वणवा लाइनीपाशी थांबला, की तुम्ही घरी जाता?"

"घरी? खोडं धुपत राह्यतात आतून. एकेक विझवा लागते, नाई तं..."

भाऊंचा हात बरगडीकडं गेला. भागीरथाबाईंनी पाण्याचा गिलास पुढं केला.

"घ्या. विझवा."

गोळी गेली. दिवसातून पाच वेळा, सात दिवस, हे मी दोघांकडून वदवून घेतलं.

"सात दिवसांत मरते ना हे?"

"मरत नाही. परत झोपतो."

"कुठी?"

"तिथंच, नसेत."

भाऊंनी खांद्यावरून मागं पाहिलं आणि एकदम कुजबुजत म्हणाले, "मंग हळू बोला ना म्याडम."