छावणीतली सगळी दावी

बहात्तरच्या दुष्काळात नेकनूरकडच्या माळावर सोसायटीने गुरांची छावणी उघडली आणि तोंडाशीच भली मोठी पाटी ठोकली. तीही इंग्रजीत, 'कॅटल रिलीफ कॅम्प'. ती वाचू शकणारा अख्ख्या छावणीत एकटा कारकून राधाकिशन. पण पाटी लागली म्हणजे काम झालं, असा सरकारी खाक्या असतो.

सुग्रीव म्हाताऱ्याला मात्र त्या पाटीने छळलं. दोन म्हशी आणि दिवस भरत आलेली सून सावित्री घेऊन तो छावणीत आला होता. मुलगा उत्तरेश्वर ऊसतोडीला दूरच्या कारखान्यावर. संध्याकाळी चाऱ्याच्या पेंढ्या घेताना सुग्रीव विचारायचाच, "साहेब, ह्ये रिलीफ म्हंजे नेमकं काय?"

"मदत," राधाकिशन म्हणायचा. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, दुखणं उतरलं की तोही रिलीफ. मग कधी, "माझ्या जागी दुसरा माणूस आला की मी रिलीव्ह. तो कधी येतो देव जाणे." शब्दाचं मूळ म्हणे ओझं उचलून हलकं करण्यात होतं.

"एवढं सगळं एकाच शब्दात कावून कोंबलं?" म्हातारा वैतागायचा. "आपल्याकडं येगळाले हायत की. मदत, उतार, हायसं, सुटका." मग डोकं खाजवून म्हणाला, "पर सगळ्यात कायतरी सुटतंय बगा."

"ते मात्र खरं," राधाकिशन हसून म्हणाला.

चैत्रातल्या एका सकाळी सावित्रीला कळा लागल्या. दुपार कलली तरी सुटका होईना. राधाकिशन सायकल काढून नर्सबाईंना आणायला गेला होता. गोणपाटाच्या आडोशामागे सुईण भिवराबाई खटपट करत होती. बाहेर सुग्रीवचा जीव टांगणीला लागला होता. त्याची बायको अशीच अडून गेली होती, उत्तरेश्वरच्या पाठच्या बाळाच्या वेळी. तेव्हा तो हातावर हात ठेवून बसून राहिला होता. आता त्याला बसवेना. सून गेली तर पोराला काय तोंड दाखवायचं?

एवढ्यात भिवराबाई आतून ओरडली, "गाठी सोडा! कुलपं उगडा, झाकणं काडा! कायबी बांधलेलं ठिवू नका!"

बाई अडली की घरात काही आवळलेलं ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. बायांनी केस मोकळे सोडले, गाठोडी सोडली, डबे उघडे टाकले. सुग्रीवने मुंडासं सोडलं, करगोटा तोडला. मग त्याची नजर गेली ती खुंट्यांकडे. शे-दोनशे जनावरं दाव्याला! आणि आता घर म्हणजे ही छावणीच की.

म्हातारा धावत सुटला. आधी स्वतःच्या म्हशी, मग शेजारच्या गाई, मग दिसेल ते दावं. जनावरांनी सरळ कडब्याच्या गंजीवर धाव घेतली. दुष्काळात पहिल्यांदाच पोटभर दिसलं, कोण थांबतंय?

सोसायटीचे चेअरमन बंकटराव धोतर सावरत धावत आले. "येडा झाला का बे म्हाताऱ्या? समदा कडबा जाईल की!"

"पाटीवर काय लिवलंय, चेअरमन? रिलीफ! तुमीच लावलीय. मी सोडतोय." त्याने आणखी एक दावं सोडलं. "सून अडलीय माजी. आता बाईल गेली तशी..."

आडोशातून सावित्रीचं ओरडणं आलं. बंकटराव जागच्या जागी थांबले. त्यांनी एकदा गंजीकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडे. मग कमरेची किल्ली काढून ते पेंडीच्या गोदामाकडे गेले, कुलूप काढलं आणि दार सताड उघडलं. परत आले ते डोक्याचा फेटा सोडत.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आतून बाळाचा ट्यँहा ऐकू आला.

"सून कशी हाय?" सुग्रीवने आधी तेच विचारलं.

"बरी हाय. पानी मागतीय," भिवराबाई म्हणाली. "नात झाली तुमाला."

तेवढ्यात राधाकिशन नर्सबाईंना घेऊन पोचला. बाई आत जाऊन आल्या. दोघीही धडधाकट आहेत, म्हणाल्या. म्हाताऱ्याने इतका मोठा श्वास सोडला, की त्याला खालीच बसावं लागलं. जरा वेळाने तो म्हशीला बांधायला उठला, पण सगळं ध्यान आडोशाकडे, गाठच बसेना.

"सरका, बाबा," बंकटरावांनी दावं हातातून घेतलं. चेअरमन झाल्यापासून त्यांनी जनावराला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. "मी बांदतो. तुमी सुनंजवळ जावा."

राधाकिशनने सायकल पुन्हा वळवली. "कारखान्यावर तार करून येतो. उत्तरेश्वरला काय कळवू, मुलगी झाली म्हणून?"

सुग्रीव आडोशाच्या तोंडाशी थांबला. डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"मुलगी झाली त्ये मागून," तो म्हणाला. "पैलं लिवा, दोगी हायत."