ओढणं आणि पेलणं

ओरेस्ट काकांनी निळ्या पिकअप ट्रकच्या बॉनेटवर थाप मारली.

"वहिनी, हाच घ्या. मागे ट्रेलर आहे हे कळणारसुद्धा नाही!"

हेच वाक्य त्यांनी ट्रकविक्रीच्या याच आवारात, असाच ट्रक दाखवून, बाबांनाही ऐकवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात क्रोजनेस्टच्या घाटात उतारावर आडवा वारा सुटला, बाबांचा सुट्टीत राहायचा ट्रेलर मागे डुलायला लागला आणि ट्रकला फरपटत कठड्यापलीकडे घेऊन गेला. बाबा जागीच गेले. आई खांद्यात पोलादी पट्टी घेऊन वाचली.

आता तिने तेवढाच मोठा नवा ट्रेलर घेतला होता. लग्नानंतरचा प्रत्येक उन्हाळा तिने डोंगरापलीकडच्या एका तलावाकाठी घालवला होता, आणि यंदाही तिला जायचंच होतं. ट्रक काका चालवणार होते. मला ते काहीच पटत नव्हतं, पण जाऊ नकोस म्हणायचा अधिकार माझा नव्हता. ती तिथे कशाने जाते, एवढं तरी मी बघणार होते.

"पाच टन ओढतो, मॅडम," विक्रेता गार्थ म्हणाला. "तुमचा ट्रेलर तीन टनांचा. ताकद उरतेच."

"तीन टन कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"त्याच्या माहितीपत्रकात आहे."

"ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. आमच्या गावात ट्रेलर रिकामा कोण नेतं?"

गार्थ आमच्याच भागातला, त्याला हे माहीत होतं. तलावावरच्या नळाला गंधकाचा वास येतो म्हणून सगळे घरच्या विहिरीचं पाणी टाकीत काठोकाठ भरून नेतात. वर बिटाच्या लोणच्याच्या बरण्या, सॉसेज, बटाट्याचं सारण भरून गोठवलेल्या पेरोगी, बिडाचे तवे आणि बर्चचं सरपण. आदल्या दिवशी आईने भरलेला ट्रेलर मी शेजाऱ्यांच्या ट्रकला जोडून धान्याच्या कोठारावरच्या वजनकाट्यावर नेला होता. तो चार टन भरला.

मी निळ्या ट्रकचं दार उघडलं. चौकटीवर, सीटबेल्टच्या खाली, पट्टी चिकटवलेली होती. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त सहाशे चाळीस किलो.

"ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं," मी म्हणाले. "ट्रेलरच्या दांडीचा भार ट्रकच्या पाठीवर येतो. चार टनांचा म्हणजे पाचशे किलो तरी. उरलेल्या एकशे चाळीसमध्ये कोण कोण बसणार? काका, तुमचं वजन किती?"

"पुरुषाचं वजन विचारू नये, पोरी."

गार्थ हसला. मी त्याच्याकडे बघत राहिले, तेव्हा थांबला.

"मागच्या चाकांवर हवेच्या पिशव्या बसवून देतो ना," तो म्हणाला. "ट्रक मागून बसलेला दिसणार नाही."

"दिसणार नाही. वजन कुठे जाईल?"

"दारिया," काका म्हणाले, "पुस्तकं वाचून ट्रेलर ओढता येत नाही. आख्खा गाव असल्याच अर्ध्या टनी ट्रकने ओढतो. मायरनला, तुझ्या बापाला, वाऱ्याने नेलं. देवाची मर्जी."

"वारा त्या दिवशी सगळ्यांनाच लागला होता. बाकीचे खाली उतरले."

"बास."

"का बास? तुम्ही त्यांच्या गळ्यात असाच ट्रक मारलात, त्यांच्या शवपेटीला खांदा दिलात, आणि आज तसलाच ट्रक आईला दाखवताय! लाज कशी वाटत नाही?"

माझा आवाज एवढा चढला होता की पलीकडे गाडी धुणाऱ्या माणसाने पाण्याची नळी खाली केली. काकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"भावजींनी नाही," आई म्हणाली. "मी."

ती कुंपणाकडे बघत होती. तिथे तेलविहिरींवर वापरून परत आलेले, 'एक टनी' म्हणतात ते दणकट पांढरे ट्रक उभे होते.

"मायरनला असाच एक हवा होता. मला त्यातून रुळांपलीकडे फिरवूनही आणलं. मीच म्हणाले, चढायला शिडी लागते, धक्क्यांनी माझी कंबर जाते, चर्चला काय याच्यातून जायचं, खाणीवर निघाल्यासारखं? त्याने किल्ली परत दिली. भावजींनी नंतर नुसती माझी री ओढली."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू भावजींवर रागावली होतीस. त्यावर तुझे दिवस निघत होते."

काका बुटाने खडी सारत होते. दफनाच्या दिवसापासून मी त्यांना नाही नाही ते बोलले होते आणि त्यांनी एकदाही आईचं नाव घेतलं नव्हतं. तरी मला त्यांची दया आली नाही. आजही त्यांनी निळ्याच ट्रकवर थाप मारली होती.

आई कुंपणापाशी गेली, एका पांढऱ्या ट्रकचं दार उघडून चौकटीवरचा आकडा तिने स्वतः वाचला. सोळाशे किलो.

"पुरतं?" तिने मला विचारलं.

"पुरतं. पाणी तलावावर भरलंस तर आणखी—"

"पाणी मी घरचंच नेणार."

"मॅडम, ह्याची सीट फार कडक आहे," गार्थ म्हणाला. "कामगारांचा ट्रक हा."

"किल्ली आण."

"वहिनी, हे धूड मला नाही आवरायचं," काका म्हणाले.

"तुम्हाला कोण सांगतंय? मागे बसा."

धड हाताने दांडा पकडून ती चढायला लागली. मी पुढे झाले.

"हात लावू नकोस."

दुसऱ्या प्रयत्नात ती चढली. मी तिच्या शेजारी बसले, काका मागे. गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर ट्रक असा आदळला की माझे दात एकमेकांवर आपटले. आईने खांदा आवळून धरला, पण स्टिअरिंग सोडलं नाही. रूळ मागे पडले.

"मायरनबरोबर आले होते तेव्हाही असाच धक्का बसला होता," ती म्हणाली. "एवढाच."

एवढ्याशा धक्क्यापायी बाबा गेले, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं, आणि ते तिला आयुष्यभर छळत राहिलं असतं. मी खिडकी उघडली आणि शेतांकडे बघत राहिले.