डागाची चिठ्ठी

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला बारा वर्षं झाली होती. रक्त, पू, ओकाऱ्या, शेवटचा श्वास घेतलेल्यांच्या अंगाखालच्या चादरी, सगळं तिच्या हातांखालून गेलं होतं. तिने कधी नाक मुरडलं नाही. "आजारी माणसाची घाण ती, त्याच्या हातात थोडीच असते बिचाऱ्याच्या," म्हणायची आणि बाह्या वर सारून कामाला लागायची. किळस तिला पहिल्यांदा आली ती लेकीच्या शाळेच्या पडद्यांची.

पण सुरुवात झाली स्कर्टपासून.

लेक आठ वर्षांची, तिसरीत. एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे घरात तिचं नाव पडलं होतं भिंगरी. तिचा आदल्या दिवशीचा निळा स्कर्ट आई रोज सकाळी धुवायची, आणि धुण्याआधी उलटसुलट बघायची. सवयच ती, हात लावायच्या आधी डोळा लावायचा. खेळल्याची धूळ तिला माहीत होती. ती इकडेतिकडे उडालेली असते, गुडघ्यावर असते, खिशात असते. ही धूळ तसली नव्हती. मागच्या बाजूला, बशीएवढी, राखाडी, दाबून बसलेली. आणि तिला फरशी पुसायच्या फडक्याचा आंबट वास होता.

"काय गं, तुमच्या वर्गात बाकं आहेत ना?"

"आहेत की."

"मग तू कुठे बसतेस?"

भिंगरी बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. "खाली. दाराजवळ. आम्ही सहाजण. आमच्या घरचे भागीदार नाहीत ना, म्हणून."

भागीदार! वर्षाच्या सुरुवातीला शाळेने एक वही दिली होती. वर छापलेलं: घर आणि शाळा, भागीदारीची वही. रोज एक ओळ. 'आज पाल्याने माझ्यासमोर वीस मिनिटे वाचन केले.' खाली पालकाची सही. तिची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. ती घरी यायची तेव्हा भिंगरी आजीच्या कुशीत गाढ झोपलेली, आणि आजीला तर दोन हातांवरचं दिसत नव्हतं. सुट्टी रविवारी. रविवारी मात्र मायलेकी पाय पसरून बसायच्या, भिंगरी बोट लावून वाचायची, आई अडलेल्या शब्दाला हुं हुं करून धक्का द्यायची. त्या ओळीखाली ती सही करायची. बाकीच्या ओळी कोऱ्या.

दुसरं कुणी असतं तर महिन्याच्या सह्या एका दमात ठोकून मोकळं झालं असतं. पण धुलाईघरात एकच शिस्त होती, आपल्या डोळ्यांसमोरून न गेलेल्या चादरीची सही करायची नाही. न मोजता सही केलेली एक बाई तिच्या देखत कामावरून गेली होती. सही म्हणजे मी पाहिलं. न पाहता कशी करायची?

त्याच सकाळी ती शाळेत गेली. मोठ्या बाईंनी तिला उभंच ठेवलं, पण हसून.

"अहो ताई, शिक्षा नाही हो ती! घरच्यांना जाग यावी म्हणून केलेली गंमत आहे. तुमचा तिच्या अभ्यासात सहभाग नको का?"

"हवाच की. म्हणूनच आलेय. तिला जोडाक्षरं अडतात. घरी मी काय करू, तेवढं वर्गाच्या बाईंना विचारायचं होतं. दहाच मिनिटं."

"या आठवड्यात बाईंना मान वर करायला सवड नाही. शुक्रवारी पाहुणे येताहेत, आपली भागीदारी बघायला." मोठ्या बाईंनी तिची कोरी वही चाळली, जिभेने चक् केलं. "एवढ्या ओळी भरून टाका ना. कोण मोजतंय? आणि हो, तुम्ही धुलाईत आहात ना? मग झालंच की काम! पालक-मैत्री कक्षाचे पडदे घेऊन जा. एक डॉक्टर पालक व्याख्यान देणार आहेत, तुम्ही पडदे द्या. ज्याचं जे कौशल्य. मग तुमची मुलगी बाकावर. खूश?"

पालकांसाठी अशी काही खोली आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. शिपायाने कुलूप उघडलं. कोच, काचेचं टेबल, भिंतीवर 'आपलेच घर समजा'. पडद्यांचा गठ्ठा तिने छातीशी धरला आणि घरी आणला. लेकीला बाक मिळत असेल तर चार पडदे काय, सगळी शाळा धुऊन दिली असती.

मोरीत तिने पहिला पडदा पसरला, नेहमीसारखा आधी डोळा लावला, आणि हात तिथेच थांबला.

खालच्या टोकाला तेल. एका दिवसाचं नव्हे, थरावर थर, बोटांच्या पाचही रेघा उमटलेलं. कुणीतरी रोज नाश्ता करून तिथे हात पुसत होतं. कडेला ओठ टिपल्याचा लिपस्टिकचा ठसा. मध्ये चहा. खिडकीच्या बाजूला, नाक शिंकरून पुसल्याचा वाळलेला, चकाकणारा पापुद्रा. आणि सगळ्याला मिळून एक ओशट, जेवून डुलकी काढल्यासारखा वास.

ती मोरीत थुंकली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"काय झालं गं?" आतून आजीने विचारलं.

"काही नाही आई. धडधाकट माणसांची घाण आहे."

आपल्यासाठी म्हणून थाटलेली खोली. तिला कुलूप. आत हे लोक बसून खातात, पडद्याला हात पुसतात, आणि माझी पोर दाराजवळ फरशीवर. वर मीच ते धुऊन द्यायचं, आणि धुतलं की मी भागीदार! तिला वाटलं, पाण्यात हात घातला तर तो ओशटपणा कोपरापर्यंत चढेल आणि कुठल्याच साबणाने जायचा नाही.

धुलाईघरात आणखी एक रीत होती. धुण्याआधी प्रत्येक डागाला चिठ्ठी टाचायची, डाग कशाचा, कुठून आला. नाहीतर नंतर खापर धुणाऱ्याच्या माथी. तिने भिंगरीच्या जुन्या वहीचं पान फाडलं, टाचण्या घेतल्या.

शुक्रवारी पालक-मैत्री कक्षात पाहुणे कोचावर बसले होते, एक बाई आणि दोन गृहस्थ. मोठ्या बाई दारातच तिच्यावर झेपावल्या. "किती उशीर! टांगा लवकर."

ती पडदे घेऊन सरळ आत गेली आणि तिने ते काचेच्या टेबलावर पसरले. चिठ्ठ्या फडफडल्या. 'तेल, नाश्त्याचे, रोजचे.' 'लिपस्टिक.' 'नाक.' सगळ्यांत वर तिने न धुतलेला निळा स्कर्ट ठेवला. त्यावरही चिठ्ठी होती. 'फरशीची धूळ, तिसरीचा वर्ग, दाराजवळ.'

"हे काय चाललंय?" मोठ्या बाईंचा आवाज चिरकला.

"डाग दाखवतेय मॅडम. आमच्यात दाखवल्याशिवाय धूत नाहीत."

पाहुण्या बाईंनी एक चिठ्ठी वाचली, रुमाल नाकाला लावला. मग सोबतच्या गृहस्थाला म्हणाल्या, "कल्पक आहे हं. पालकांचं प्रदर्शन वाटतं. फोटो घ्या ना."

फोटोही निघाला! मोठ्या बाईंनी चेहऱ्यावर हसू ओढलं, जणू हे सगळं त्यांनीच बसवलेलं. एवढ्यावर मात्र तिची शिसारी डोक्यात गेली. या माणसांना चिठ्ठी टाचली तरी डाग दिसत नाही. तिने स्कर्ट उचलला आणि तडक तिसरीच्या वर्गात गेली.

सहा पोरं दाराजवळ मांडी घालून बसली होती. मागची दोन बाकं रिकामी, त्यांवर घर-शाळा-एक-परिवाराचे तक्ते रचलेले. तिने तक्ते उचलून भिंतीला लावले. "उठा रे. बसा वर."

पोरांनी वर्गाच्या बाईंकडे पाहिलं. बाई तरुण होत्या. खडू हातात तसाच. त्यांनी मान खाली घातली, आणि मग किंचित हलवून होकार दिला. पोरं उठली.

"बाई, दहा मिनिटं मागत होते मी," आई म्हणाली. "आता इथेच घेते."

ती भिंगरीशेजारी बाकावर बसली. गुडघे आत मावेनात. भिंगरीने पुस्तक उघडलं, बोट लावलं. एका जोडाक्षराला अडली. आईने हुं हुं केलं, आणि बाई फळ्याजवळून हळूच म्हणाल्या, "तोडून वाच. आधी अर्धं, मग पूर्ण." भिंगरीने तोडलं, जोडलं, पुढे गेली.

वाचून झाल्यावर आईने भागीदारीची वही काढली आणि आजच्या ओळीखाली सही केली. मागच्या कोऱ्या ओळी कोऱ्याच ठेवल्या.

त्यानंतर ती रोज सकाळी स्कर्टची मागची बाजू आधी बघते. बाकाच्या लाकडाचा भुसा असतो, कधी शाईचा ठिपका. राखाडी धूळ नसते. तरी ती स्कर्ट दोनदा धुते, आणि मग बराच वेळ ते पडदे धरलेले स्वतःचे हात.