कुरणातली दोन मतं

टेक्सासमधल्या त्या अफाट कुरणात माणसं म्हणून दोघंच राहत होती, गार्लंड टिबेट्स आणि त्याची बायको ओलेटा. लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून दोघांनी अख्खा हिवाळा गाडीत झोपून काढला होता. म्हणून घरं बांधणाऱ्या कंपनीचा माणूस प्रुइट फुकटात ट्रेलरचं घर द्यायला आला, तेव्हा गार्लंडला देवच पावल्यासारखं वाटलं.

काम एकच. इथे राहायचं आणि मत द्यायचं. कुरणावर मोठी वसाहत उठणार होती. तिच्या पाण्या-गटारांसाठी मंडळ स्थापायचं, त्याला कर्जरोखे काढायचा आणि घरांवर कर बसवायचा अधिकार द्यायचा, तर हद्दीत राहणाऱ्या मतदारांचा कौल लागत होता.

"आणि हे कर्ज फेडायचं कुणी?" ओलेटाने प्रुइटला विचारलं होतं.

"जे राहायला येतील ते, मॅडम."

"म्हणजे ज्यांना कुणी विचारलेलंच नाही, ते."

"कर्जाशिवाय नळ नाही, आणि नळाशिवाय माणूस नाही," प्रुइट हसून म्हणाला.

ओलेटा हसली नाही. तिच्या वडिलांचं घर अशाच एका मंडळाच्या हद्दीत होतं. कर चढत गेला, थकला, आणि घर लिलावात गेलं. म्हातारा सामानाशेजारी खुर्ची टाकून दिवसभर रस्त्यावर बसून राहिला होता. गार्लंडला हे ठाऊक होतं. पण हिवाळ्यातली ती गाडीही त्याला ठाऊक होती.

मतदानासाठी गवतात तंबू ठोकला होता. दोघांनी आळीपाळीने आडोशाला जाऊन मत दिलं. अधिकारी बाईंनी दोन्ही कागद उलगडले आणि घसा साफ केला.

"बाजूने एक. विरोधात एक. बहुमत नाही, ठराव नामंजूर."

प्रुइटचा चेहरा उतरला. "दोनच मतदार, आणि त्यातही फूट? कुणाचं हे?"

ओलेटा तोंड उघडणार, तेवढ्यात गार्लंड म्हणाला, "माझं."

"तुझं? अरे, पाइप टाकायचं काम देणार होतो तुला! हाताने पायावर धोंडा मारून घेतलास."

"घेतला खरा."

परतताना ओलेटा हळूच म्हणाली, "खोटं का बोललास?"

"तो तुझ्यावर खेकसला असता. मला बघवलं नसतं."

"रागावलायस?"

"हो," तो म्हणाला. "फार."

शनिवारपर्यंत घर रिकामं करावं लागलं. पुढे कंपनीने त्याच ट्रेलरमध्ये दुसरं जोडपं आणून बसवलं. नोव्हेंबरात पुन्हा मतदान झालं आणि मंडळ विनाविरोध स्थापन झालं. गार्लंडचं नाव मात्र तालुकाभर झालं. ज्याचं खाल्लं त्यालाच बुडवणारा माणूस, म्हणून कुणी त्याला कामावर घेईना. दोघं त्याच्या बहिणीच्या गॅरेजमध्ये राहू लागली. ओलेटा मोटेलच्या खोल्या झाडायला जाऊ लागली.

एकदा बीन्स आणि मक्याचा पाव खाताना त्याने विचारलं, "काय मिळालं गं त्यातून?"

तिने पावाचा तुकडा मोडून बीन्समध्ये बुडवला.

"काही नाही," ती म्हणाली. "पण वेगळं मत देता आलं नसतं मला."

गार्लंडने मान हलवली. त्याला ते पटलं की नाही, तिला कळलं नाही. ताटली धुऊन तो बाहेर पायरीवर जाऊन बसला, आणि तिने हाक मारली तरी लवकर आत आला नाही.